खडीनच्या बांधावर

पौषातली सकाळ. जैसलमेरच्या पश्चिमेला, कुलधराच्या पुढे, मी एका मातीच्या बांधावर उभी आहे. पायाशी गहू पोटरीत आलेला, त्याला लागून हरभऱ्याचा फुलोरा. त्यापलीकडे पिवळ्या दगडांचा उघडा माळ हळूहळू चढत क्षितिजाला भिडतो. त्यावर केराची झुडपं आणि कुठे एखादी खेजडी, बाकी गवताची काडीही दिसत नाही. वर्षाला सरासरी 200 मिलिमीटरहूनही कमी पाऊस पडणारा हा मुलूख. सोलापुरात 500च्या वर पडतो, तरी आपण त्याला दुष्काळी म्हणतो. आणि इथे, कालवा नाही, पंप नाही, तरी गहू डोलतो आहे.

शेताचे मालक खाली उतरायला सांगतात. सत्तरीचे, डोक्याला साफा, अंगावर घोंगडी. हरभऱ्यातून चालताना आंबेने माझ्या सलवारीच्या कडा ओल्या होतात. ते उकिडवे बसतात आणि हातानेच माती उकरतात. वरची चार बोटं भुरभुरीत, खाली काळसर, गार, मुठीत दाबली की गोळा होणारी. गोळा माझ्या तळहातावर ठेवून म्हणतात, ‘‘बाईसा, हे श्रावणातलं पाणी. पेरल्यापासून एक थेंब घातलेला नाही. घालायचाही नाही.’’

या शेताला खडीन म्हणतात. माळावरचा खडक पाणी पीत नाही, म्हणून पावसाच्या दोन-चार जोरदार सरींचं पाणी उतारावरून धावत खाली येतं. खोलगट जागी तीन बाजूंनी घातलेला बांध ते अडवतो. जास्तीचं पाणी दगडी सांडव्यावरून पुढच्या खडिनात जातं. उरलेलं आठवडेच्या आठवडे तळं होऊन साचतं आणि जमिनीत मुरतं. दिवाळीच्या आसपासही पाणी उरलं असेल तर मोरी उघडून सोडून देतात, त्याबरोबर मातीतले क्षारही धुऊन जातात. जमीन वाफशावर आली की पेरणी. दरसाल नवा गाळ येतो, त्यामुळे खत घालावं लागत नाही. वाळवंटात उघड्यावरचं बरंचसं पाणी बाष्पीभवनाने उडून जातं. या लोकांनी ते मातीच्या पोटात लपवलं. पाणी साठवण्याची इतकी निर्दोष जागा मी दुसरी पाहिलेली नाही.

बांधाच्या पलीकडच्या अंगाला बेरी आहे, मुरलेलं पाणी झिरपून येतं ती अरुंद, खोल विहीर. दोघी सासू-सुना दोर ओढताहेत. पाणी कसं आहे, विचारते. सून घागर तिरकी करून ओंजळीत ओतते. गोड आहे. या भागातलं खोल भूजल बहुतेक ठिकाणी खारं, म्हणून ही गोडी फार मोलाची. यंदा खडीन भरलं होतं, आता वैशाखापर्यंत काळजी नाही, असं सासू सांगते.

पंधराव्या शतकाच्या सुमारास ही पद्धत इथे रुजवली ती पालीवाल ब्राह्मणांनी. जमीन राजाची, बांध आणि कष्ट यांचे, पिकाचा चौथा हिस्सा दरबारात, अशी रीत होती. एकोणिसाव्या शतकात पालीवाल गावं सोडून गेले. खडिनं मात्र दुसऱ्यांनी कसायला घेतली, ती आजही पिकतात. या वाळवंटाच्या उत्तर टोकाला, घग्गरच्या काठी कालीबंगा इथे, 1960च्या दशकातल्या उत्खननात सुमारे 4800 वर्षांपूर्वीचं नांगरलेलं शेत सापडलं. त्यात आडव्या-उभ्या अशा दोन्ही दिशांच्या तासांचे ठसे शाबूत होते; एकाच रानात दोन पिकं घेण्याची तशी रीत त्या परिसरात उत्खननाच्या काळीही चालू होती. वाळवंटाला ‘ओसाड’ म्हणणाऱ्यांनी ते शेत आणि हे खडीन जरूर आठवावं.

उन्हं वर येतात. कुरजांचा थवा हरभऱ्यावर उतरू पाहतो, एक पोरगा आरोळी ठोकून त्याला उठवतो. मालक माळाकडे बोट दाखवतात. तिथे भराव घालून नवा कच्चा रस्ता काढलाय, दूरवर पवनचक्क्यांची रांग फिरते आहे. ‘‘बांध फुटला तर चार दिवसांत बांधू,’’ ते म्हणतात, ‘‘माळाची वाट अडली तर पाणी आणणार कुठून?’’ एकरभर शेताला बारा-पंधरा एकर मोकळा माळ लागतो. कागदावर तो पडीक दिसतो, म्हणून रस्त्याला, खाणीला, सौर पट्ट्यांना सहज देऊन टाकतात. वीज हवीच. पण ती जिथे मांडायची तिथलं पाणी कोणत्या शेतात उतरतं, हे आधी पाहायला हवं. ते न पाहणं हा या शेतकऱ्यांवर सरळ अन्याय आहे.

थंडीत आपल्याकडच्या कितीतरी सहली जैसलमेरला येतात. कुलधराची पडकी घरं दाखवतात, एका रात्रीत उठून गेलेल्या चौऱ्यांशी गावांची, शापाची गोष्ट सांगतात आणि गाडी वळवतात. तुम्ही आलात तर गाडीवाल्याला आणखी थोडं पुढे न्यायला सांगा. पालीवालांनी मागे ठेवलेली खरी वास्तू त्या घरांपलीकडे, हिरवी उभी आहे. ती बघून जा.