मालमोटारीचे रूप : जुने मत व नवे मत

१

वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील केनवड हे गाव मालेगावहून मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले आहे. नागपूरकडील माल मराठवाड्याकडे आणि तेथून पुढे मुंबईकडे नेणारा हा जुना मार्ग होय. सोयाबीन, तूर, हरभरा आणि हळद यांच्या हंगामात या रस्त्याच्या कडेला घटकाभर उभे राहिल्यास मालमोटारींच्या दोन पिढ्या एकाच वेळी दृष्टीस पडतात. एक पिढी लाकडी हौद्याची, रंगविलेल्या फाळक्यांची, कपाळावर देवाचे नाव आणि आरशाशेजारी काळे गोंडे मिरविणारी. दुसरी कारखान्यातूनच बंद केबिनेसह बाहेर पडलेली, एकरंगी, सपाट आणि बहुधा मुकी.

या दोन पिढ्यांविषयी लोकांची मतेही दोन आहेत. जुन्या गाडीला स्वतःचा चेहरा होता, आताच्या साऱ्या एका साच्यातल्या, असे एक मत. जुनी गाडी पाहणाऱ्याला देखणी होती, हाकणाऱ्याला नव्हती, असे दुसरे. वरवर पाहता हा अभिरुचीचा वाद वाटतो. तथापि त्याच्या मुळाशी एक वेगळाच प्रश्न आहे. मालमोटारीचे रूप कोणी एकट्याने ठरविलेले नसते. कारखानदार, मालक व त्याचा बॉडी बांधणारा कारागीर, आणि शासन असे तिघे मिळून ते घडवितात. या तिघांचे वाटे कालानुसार बदलत गेले. रूपाविषयीचा वाद हा वस्तुतः या वाटणीचा वाद आहे, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

२

प्रथम शब्दांचा विचार करू. कारण मालमोटारीच्या अवयवांना मराठीने जी नावे दिली, त्यांत तिच्या रूपाविषयीचा एक जुना अभिप्राय साठलेला आहे.

माल भरावयाच्या जागेस ‘हौदा’ म्हणतात. हत्तीच्या पाठीवरील आसनाचा वाचक असलेला ‘हौदा’ हा शब्द अरबी ‘हौदज’ या शब्दापासून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. पाण्याचा ‘हौद’ हाही मूळचा अरबीच, पण निराळा शब्द. अरबीत त्याचा हकारही निराळा आहे. मराठीत दोन्ही हकार एक झाले आणि दोन्ही शब्द शेजारी येऊन बसले. त्यामुळे मालमोटारीचा हौदा म्हणताना उंच वाहनावरील आसन आणि कठड्यांनी वेढलेली खोलगट जागा अशी दोन्ही चित्रे बोलणाऱ्याच्या मनात नांदू शकतात. २००५ मध्ये टाटांची ‘एस’ ही छोटी मालगाडी बाजारात आली आणि ‘छोटा हत्ती’ या नावाने ओळखली जाऊ लागली, तेव्हा हौद्याला त्याचा हत्ती पुन्हा मिळाला असे म्हणावयास हरकत नाही.

हौद्याच्या उघडझाप होणाऱ्या फळीस ‘फाळका’ म्हणतात. संस्कृत ‘फलक’ शब्दाशी त्याचे रूप व अर्थ या दोन्ही अंगांनी साम्य आहे. मौज अशी की सूचनेच्या पाटीसाठी ‘फलक’ हा तत्सम शब्द मराठीत स्वतंत्रपणे रूढ आहे. आणि मालमोटारीच्या मागील फाळक्यावर मजकूर लिहिला गेला की फाळका पुन्हा फलक होतो. गाडीच्या छतास ‘टप’ म्हणतात. दर्शनी जाळीच्या भागास सुट्या भागांच्या दुकानांतून ‘शो’ हे नाव आहे. इंग्रजीत दिखाऊपणाचा वाचक असलेला शब्द येथे एका ठोस वस्तूचे नाव झाला. जाळीचे काम इंजिनाला वारा देण्याचे. परंतु कारागिरांच्या भाषेने तिचे दुसरे काम, म्हणजे दिसणे, हेच मुख्य मानले.

विशिष्ट नामांची सामान्यनामेही येथे विपुल आढळतात. हॅम्बुर्ग येथील ‘टेम्पो’ या जर्मन कंपनीच्या सहकार्याने पुण्याच्या फिरोदियांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पोचा उद्योग सुरू केला. पुढे ‘टेम्पो’ हा शब्द कोणत्याही लहान मालगाडीस लागू झाला. कंपनीने २००५ मध्ये ‘फोर्स मोटर्स’ हे नाव घेतले, पण मराठीतला टेम्पो तसाच राहिला. सामान्य बोलणाऱ्याने गाडीचे वर्गीकरण मुद्रेवरून नव्हे, तर आकारावरून केले, असा याचा अर्थ आहे.

३

आता दर्शनी आकाराकडे वळू. टाटांच्या टेल्को कंपनीने १९५४ मध्ये जर्मनीतील डाइमलर-बेंझ कंपनीशी करार करून जमशेदपूर येथे मालमोटारी बांधण्यास प्रारंभ केला. त्या गाड्यांचे इंजिन चालकाच्या पुढे असे. लांब गोलसर नाक, दोन्ही अंगांस फुगीर मडगार्ड, मध्ये जाळी आणि जाळीवर तीन टोकांची चांदणी असे ते रूप. १९६९ मध्ये करार संपल्यावर चांदणीच्या जागी टाटांचे ‘टी’ हे अक्षर आले. मुंबईत कुर्ला येथे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने डॉज आणि फार्गो अशा नावांच्या मालमोटारी काढल्या. अमेरिकेतील क्रायस्लर घराण्याची ती दोन नावे. गाडी मुळात एकच, भेद मुख्यतः नावपट्टीचा व दर्शनी तपशिलाचा. सारखेपणाचा दोष केवळ नव्या गाड्यांच्या माथी मारणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

पुढे नाक आखूड होत गेले आणि अखेरीस सपाट तोंडाची गाडी रूढ झाली. टाटांच्या गाड्यांवरील ‘एल. पी. टी.’ या अक्षरांपैकी पहिली दोन जर्मन नामपद्धतीचा अवशेष होत. इंजिनावर किंवा इंजिनालगत केबिन असलेल्या सपाट तोंडाच्या गाडीस डाइमलर-बेंझ ‘एल. पी.’ म्हणत असे. पुढील अंकही अर्थवाहक आहेत. ‘१६१३’ म्हणजे एकूण भारासह सोळा टन वजन आणि सुमारे एकशेतीस अश्वशक्ती. रस्त्यावरील माणसे हे अंक गाडीचे नाव म्हणूनच उच्चारतात. त्यांतील अर्थ मात्र बहुधा विसरला गेला आहे.

नाक गेले ते अभिरुची बदलली म्हणून नव्हे. गाडीच्या एकूण लांबीवर कायद्याची मर्यादा असेल, तर नाकाला दिलेले प्रत्येक वीतभर अंतर हौद्यातून वजा होते, आणि हौदा म्हणजे मालकाचे उत्पन्न. युरोपात लांबीचे नियम कडक राहिले, म्हणून तेथे सपाट तोंडाची गाडी सार्वत्रिक झाली. अमेरिकेत १९८२ च्या कायद्याने राष्ट्रीय महामार्गांवरील जोडगाड्यांच्या एकूण लांबीवरची बंधने उठली आणि लांब नाकाची गाडी तेथे पुन्हा प्रबळ झाली. युरोपीय संघाने २९ एप्रिल २०१५ च्या निर्देशाने वाऱ्याचा विरोध कमी करणाऱ्या व अधिक सुरक्षित अशा केबिनेसाठी लांबीत सवलत देण्याचा मार्ग मोकळा केला. तेव्हापासून तेथील गाड्यांची तोंडे पुन्हा किंचित गोलावू लागली आहेत. म्हणजे ज्यास आपण गाडीचा चेहरा म्हणतो, त्याची रेषा पुष्कळदा कायद्याच्या कलमाने आखलेली असते.

४

तथापि केनवडच्या रस्त्यावर जुन्या गाडीची आठवण काढली जाते ती तिच्या नाकासाठी थोडी आणि तिच्या सजावटीसाठी अधिक. दीर्घकाळ कारखान्यातून इंजिन, चाके आणि सांगाडा एवढेच बाहेर पडे; केबिन व हौदा बांधण्याचे काम गावोगावच्या सुतार-लोहारांकडे व रंगाऱ्यांकडे असे. म्हणून एकाच सांगाड्यावर उभ्या राहिलेल्या दोन गाड्या दिसण्यात निराळ्या होत.

या सजावटीचे मूळ शोधताना विदर्भाच्या वाचकाला पोळ्याची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. श्रावणी अमावास्येला बैलाच्या शिंगांना रंग व बेगड, गळ्यात घुंगुरमाळ, कपाळावर बाशिंग आणि पाठीवर झूल चढते. मालमोटारीवरील गोंडे, घुंगरू, चकचकीत पट्ट्या आणि दसऱ्याचे झेंडूचे तोरण हे त्याच वृत्तीचे पुढचे पाऊल आहे. भाषेनेही याला दुजोरा दिला आहे. बैलाला हाक घालून चालविणे ते ‘हाकणे’. जुन्या मराठीत मोटारही हाकलीच जाई.

मजकुराच्या मांडणीत तर निश्चित व्यवस्था दिसते. कपाळपट्टीवर देवाचे नाव व ‘प्रसन्न’, किंवा ‘आईचा आशीर्वाद’ यासारखी क्रियापदरहित रचना असते. पत्राच्या, लग्नपत्रिकेच्या व खतावणीच्या माथ्यावर जी रचना चालत आली, तीच येथे गाडीच्या माथ्यावर चढली आहे. वाशीम-बुलढाण्याच्या गाड्यांवर शेगावच्या गजानन महाराजांचे नाव आणि ‘जय सेवालाल’ हा बंजारा समाजाचा जयघोष आढळतो, यात नवल नाही. देव, आईबाप व मुले यांच्यासाठीचा मजकूर बहुधा मराठीत. मागून येणाऱ्या अनोळखी चालकासाठीचा हिंदीत वा इंग्रजीत. वाचक बदलला की भाषा बदलते, हे तत्त्व मालमोटारीने काटेकोरपणे पाळले आहे.

मागील बाजूच्या ‘हॉर्न ओके प्लीज’ या शब्दांच्या उत्पत्तीविषयी अनेक कथा सांगितल्या जातात. त्या कथांपेक्षा मांडणीकडे पाहणे अधिक उपयुक्त ठरेल. ‘हॉर्न’ व ‘प्लीज’ हे शब्द दोन बाजूंस आणि ‘ओके’ मध्यभागी, पुष्कळदा मोठ्या अक्षरांत किंवा वेगळ्या ओळीत असते. म्हणजे हे एक वाक्य नसून दोन स्वतंत्र घटक आहेत. डावीकडून उजवीकडे वाचण्याच्या सवयीने त्यांचे वाक्य झाले. महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने ३० एप्रिल २०१५ रोजी व्यापारी वाहनांवर हे शब्द लिहिण्यास मनाई केली. त्यांमुळे विनाकारण हॉर्न वाजविण्यास उत्तेजन मिळते, असे कारण देण्यात आले. म्हणजे शासनाने त्या शब्दांस अलंकार न मानता आज्ञार्थी वाक्य मानले. सजावटीच्या अर्थाविषयी शासनाने दिलेला हा एक निर्णयच होय.

शासन केवळ पुसत नाही, लिहितेही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत राष्ट्रीय परवान्याच्या मालमोटारीस वाळलेल्या पानाचा तपकिरी रंग व पांढरी किनार असावी, अशी तरतूद होती. जुन्या तपकिरी गाड्यांविषयी वाटणारी आत्मीयता अशा रीतीने एका नियमाचीही देणगी आहे. पुढे पांढरी, बाजूंस पिवळी व मागे तांबडी अशी प्रकाश परावर्तित करणारी पट्टी, हे आजचे सक्तीचे बेगड होय. रात्री रस्त्यात बंद पडलेली गाडी त्या पट्टीमुळे दुरून दिसते आणि जीव वाचतात. त्यामुळे तिच्या रूपाविषयी तक्रार करणे अवघड आहे.

सजावटीची ही वृत्ती आपल्यापुरतीच नाही. पाकिस्तानातील चित्रित मालमोटारी प्रसिद्ध आहेत. जपानमध्ये ‘डेकोरेशन’ व ‘ट्रक’ हे दोन इंग्रजी शब्द आखडून ‘देकोतोरा’ असे नाव तयार झाले, आणि १९७५ ते १९७९ या काळातील एका चित्रपटमालिकेने त्या गाड्यांना लोकप्रियता दिली.

५

आता दोन्ही मतांचा निवाडा करता येईल. जुनी गाडी चालकाचे मन बोलून दाखवीत असे, हे विधान जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. गाडीवरील नावे बहुधा मालकाच्या मुलांची असत; चालक हा पुष्कळदा पगारी नोकर. त्याच्या वाट्याला केबिनेतील देवाची तसबीर आणि आरशाजवळचा गोंडा एवढाच मजकूर येई. आणि ती केबिन कशी होती? लाकूड व पत्रा यांची, शेजारी इंजिनाची धग आणि वर विदर्भाचा वैशाख. रंगीत टपाखाली बसलेल्या माणसास त्या रंगांचा उपयोग नव्हता. केंद्र शासनाने डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचना काढून १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व जड मालमोटारींच्या केबिनेत वातानुकूलन आवश्यक केले. नव्या गाडीच्या सपाट, बंद, एकसारख्या रूपामागे हे कारणही आहे, आणि ते क्षुल्लक नाही.

परंतु नव्या मताचीही एक उणीव दाखविली पाहिजे. सुखसोय आणि मुकेपणा यांचा परस्परांशी अपरिहार्य संबंध नाही. गावचा रंगारी व सुतार कामावाचून राहिला, तो केबिन थंड झाली म्हणून नव्हे. रूप ठरविण्याचा सारा व्यवहार कारखान्यात गेला म्हणून. रस्त्यानेही त्यात भर घातली. वाशीम जिल्ह्यातून जाणारा समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी असा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरांचा पूर्ण झाला. केनवडसारख्या गावातून जाणाऱ्या रस्त्यावर मालमोटारीच्या मागे पाच-दहा मिनिटे रखडलेला माणूस तिचा फाळका अक्षरशः वाचून काढतो. ज्या रस्त्यावर गाव लागत नाही आणि मागची गाडी क्षणात पुढे निघून जाते, तेथे फाळक्यास वाचकच उरत नाही. वाचक गेला की लेखनही हळूहळू थांबते.

म्हणून जुन्या गाडीचे पुनरुज्जीवन व्हावे, असे कोणी म्हणणार नाही. चालकाला उन्हात बसवून पाहणाऱ्याचे डोळे निवविणे हा न्याय नव्हे. मात्र जे लेखन नाहीसे होत आहे, त्याची नोंद होणे अगत्याचे आहे. अशी नोंद घेताना केवळ मजकूर टिपून भागणार नाही. तो गाडीच्या कोणत्या अवयवावर आहे, कोणत्या भाषेत व लिपीत आहे, रंगाऱ्याने हाताने लिहिला की छापील चिकटपट्टी लावली, मालकाने सांगितला की चालकाने, आणि गाडी व बॉडी कोणत्या वर्षीची, या पाच गोष्टी प्रत्येक नोंदीत याव्यात. त्याबरोबरच सुटे भाग विकणारे, बॉडी बांधणारे व चालक हे गाडीच्या अवयवांना कोणती नावे देतात, तेही लिहून घ्यावे. कारण लाकडी हौदा बांधणारा कारागीर निवृत्त झाला की त्याच्या शब्दांस दुसरा जाणकार उरत नाही. वाशीम, मेहकर, रिसोड या परिसरात एखाद्या विद्यार्थ्याला एका सोयाबीनच्या हंगामात हे काम सुरू करता येण्याजोगे आहे.