निकामी उपकरणातून सीएनसी यंत्र

प्रयोगशाळेतील एखादे स्वयंचलित उपकरण बंद पडले आणि सुटे भाग मिळेनासे झाले, की त्याची नोंद तेवढी डेडस्टॉक रजिस्टरात राहते. शेवटी ते वजनावर भंगारात जाते. पुष्कळदा बिघडलेला असतो तो इलेक्ट्रॉनिक भाग. सूक्ष्मदर्शकाचे मोटारने सरकणारे पीठ किंवा नमुन्यांच्या कुप्यांवर सुई फिरवणारी यंत्रणा उघडून पाहिली, तर गुळगुळीत पोलादी मार्गिका, अचूक आट्यांचा स्क्रू आणि स्टेपर मोटर बहुधा शाबूत सापडतात. छोटे सीएनसी यंत्र बनवण्यासाठी नेमके हेच भाग लागतात.

सीएनसी म्हणजे संगणकाने आकड्यांच्या आज्ञा देऊन हत्यार चालवणे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने १९५२ मध्ये आकड्यांवर चालणारे मिलिंग यंत्र जाहीरपणे दाखवले, तेही तयार यंत्राला नियंत्रक जोडूनच बनवलेले होते. आज्ञा भोके पाडलेल्या कागदी फितीवरून दिल्या जात. आज हे काम आर्डुइनो ही छोटी नियंत्रक पट्टी आणि तिच्यावर चालणारी जीआरबीएल ही मोफत आज्ञावली करते. ‘जी१ एक्स५० एफ१००’ अशी ओळ दिली, की हत्यार मिनिटाला १०० मिमी वेगाने ५० मिमीच्या खुणेपर्यंत सरळ जाते. पट्टी आणि मोटर यांच्यामध्ये पुरेसा विद्युतप्रवाह देणारा ड्रायव्हर मात्र लागतो.

पण यंत्राला ५० मिमी कसे कळतात? नेहमीची स्टेपर मोटर एका पावलात १.८ अंश फिरते, म्हणजे पूर्ण फेरा २०० पावलांचा. एका फेऱ्यात पीठ २.५ मिमी सरकते असे धरले, तर १ मिमीला ८० पावले होतात. हा आकडा नियंत्रकात भरून ५० मिमीची आज्ञा द्या आणि व्हर्नियरने अंतर मोजा. समजा, ते ५०.८ मिमी भरले. स्क्रूचे फेरे झाले २०. ५०.८ ला २० ने भागल्यास २.५४ मिमी येतात, म्हणजे इंचाचा दहावा भाग! स्क्रूचे आटे इंची मापाचे आहेत. २०० ला २.५४ ने भागून येणारा ७८.७४ हा आकडा भरला, की फरक नाहीसा होतो.

दुसरी तपासणी दिशाबदलाची. पीठ पुढे नेत १० मिमीवर थांबवा व जागा नोंदवा. मग २० मिमीपर्यंत नेऊन पुन्हा १० वर आणा. जागा वेगळी आली, तर नट आणि स्क्रू यांच्यात मोकळीक आहे. चल सूक्ष्मदर्शीची वाचने आपण एकाच दिशेने घेतो, ती याच कारणासाठी.

या यंत्राच्या मर्यादाही ओळखाव्यात. हे पीठ काचपट्टी सरकवण्यासाठी बनलेले असते. पोलाद कापू गेल्यास ते थरथरते व माप चुकते. पेनने आकृत्या काढणे, मेण किंवा बाल्सा लाकूड कोरणे ही त्याची कामे. सर्किटची तांबेपट्टीही कोरता येते, पण तिची धूळ श्वासात जाऊ देऊ नये.

उपकरण उघडण्यापूर्वी त्यात कोणती रसायने, जैविक नमुने किंवा किरणोत्सारी पदार्थ वापरले होते ते विचारून घ्या. खात्री होत नसेल तर ते घेऊच नका. प्लग काढल्यावरही वीजपुरवठ्यातील धारित्रे भारित राहू शकतात, म्हणून तो भाग जाणकारानेच हाताळावा. निर्लेखनाचा लेखी आदेशही हाती असावा.

विकतच्या यंत्रात हे आकडे बहुधा आधीच भरलेले असतात. येथे ते विद्यार्थ्याला मोजून काढावे लागतात. लघुतम माप आणि त्रुटी हे शब्द तो एरवी जर्नलपुरते लिहितो. येथे त्यांच्यावाचून त्याचे यंत्र साधा चौकोनही नीट काढत नाही.