रक्षकाचा हात

प्रजेच्या रक्षणासाठीं नेमलेल्या अधिकाऱ्यांपासूनच प्रजेचें रक्षण करण्याची पाळी राजावर येते, असा इशारा मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांत दिलेला आहे. शास्त्रकारांचा रोख तेथें परद्रव्य लाटणाऱ्या शठांवर आहे. परंतु लांचखाऊ अधिकारी ओळखणें त्या मानानें सोपें. ज्याचा हेतु चांगला, ज्याला अन्यायाची खरी चीड, आणि त्या चिडीच्या भरांत जो कायद्याची मर्यादा ओलांडतो, अशा रक्षकाचें काय करावें हा प्रश्न अधिक बिकट. कारण त्याच्यावर आपणां बहुतेकांचें मन बसतें. ह्या प्रश्नाला हात घालणाऱ्या तीन चित्रपटांचा विचार येथें करावयाचा आहे.

पहिला जपानांतील. ताकेशी कितानो ह्या नटानें १९८९ सालीं दिग्दर्शित केलेला हा त्याचा पहिलाच चित्रपट. इंग्रजींत तो 'व्हायोलंट कॉप' ह्या नांवानें प्रसिद्ध आहे. नायक अझुमा हा गुन्ह्यांचा तपास करणारा अधिकारी. आरंभींच कांहीं पोरें एका निराधार माणसास बेदम मारतात. अझुमा त्यांतील एकाच्या घरीं जातो, थेट त्याच्या खोलींत शिरतो आणि थोबाडींत देऊन त्याच्याकडून कबुलीचें वचन घेतो. प्रेक्षक मनांत म्हणतो, 'बरें झालें!' पुढें मात्र तोच हात वाढत जातो. खात्यांतील त्याचा मित्रच मादक द्रव्यांच्या व्यापारांत सामील असल्याचें उघडकीस येतें. शेवटीं अझुमा आपल्या शत्रूला ठार करतो, गुंडांनीं व्यसनाच्या खाईंत लोटलेल्या स्वतःच्या बहिणीलाही गोळी घालतो, आणि स्वतःही गोळीनेंच मरतो. सर्वांत भेदक गोष्ट त्यानंतरची. त्याच्या हाताखालीं शिकलेला तरुण सहकारी त्या भ्रष्ट मित्राची जागा घेतो आणि गुंडांचा पैसा मुकाट्यानें स्वीकारतो. एवढा रक्तपात होऊन घाण होती तेथेंच राहिली!

आतां घरचीं उदाहरणें पाहूं. व्ही. शांताराम हे आमच्या कोल्हापूरचे. १९२९ सालीं येथें स्थापन झालेली 'प्रभात' कंपनी १९३३ मध्यें पुण्यास गेली, आणि तेथें १९३९ सालीं त्यांनीं 'माणूस' काढला. शाहू मोडक यांनीं रंगविलेला गणपत हा साधा पोलीस शिपाई. धाडीच्या वेळीं तो मैना नांवाच्या वेश्येला वांचवितो. शांता हुबळीकर यांनीं साकारलेल्या ह्या मैनेवर त्याचें प्रेम बसतें, आणि तिला मानाचें जिणें मिळावें म्हणून तो धडपडतो. ती मात्र लोकांच्या आणि स्वतःच्याच मनाच्या धाकानें मागें सरते. अखेर आपल्या दुष्ट मामाचा तिच्या हातून खून होतो व ती तुरुंगांत पडते. गणपत तिला सोडवून नेण्यास सिद्ध होतो. तीच नकार देते. वर्दी अंगावर असलेल्या पुरुषाचा तोल करुणेच्या भरांत गेला, आणि समाजानें जिला पतित ठरविलें तिनें तो सांवरला.

तिसरा चित्रपट १९८३ सालचा 'अर्धसत्य'. भाषा हिंदी, पण मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची मराठी 'सूर्य'. पटकथा विजय तेंडुलकरांची आणि दिग्दर्शन गोविंद निहलानींचें. पुण्याच्या घाशीराम कोतवालावर १९७२ सालीं नाटक रंगभूमीवर आणणारे ते हेच तेंडुलकर. ओम पुरी यांनीं वठविलेला अनंत वेलणकर हा मुंबईचा फौजदार. त्याला पुढें शिकावयाचें होतें. पोलिसांत नोकरी केलेल्या बापानें त्याला खात्यांत ढकललें. हा बाप घरांत बायकोवर हात टाकी, आणि लहानगा अनंत तें असहाय्यपणें पाही. मोठेपणीं तो प्रामाणिकपणें काम करूं पाहतो, पण रामा शेट्टी हा गुंड राजकीय आश्रयामुळें त्याच्या हातीं लागत नाहीं. कोंडलेला संताप भलत्याच ठिकाणीं बाहेर पडतो : रेडिओ चोरल्याच्या संशयावरून धरलेल्या एका माणसास तो कोठडींत इतकें मारतो कीं तो प्राणास मुकतो. बचावासाठीं त्याला शेट्टीच्याच दारीं जावें लागतें. तेथें अपमान होतांच तो शेट्टीचा गळा दाबून त्याला ठार करतो, आणि ठाण्यावर येऊन आपण होऊन कबुली देतो.

शेट्टीच्या मरणानें प्रेक्षक सुखावतो. कोठडींतील त्या क्षुल्लक चोराची आठवणही कोणास राहत नाहीं. परंतु दोन्ही वेळां हात एकच होता, आणि तो उगारावयास घरींच शिकला होता.

हा प्रश्न पडद्यापुरता नाहीं. ११ जानेवारी १९८२ रोजीं वडाळ्यास मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळ्यांनीं मारला गेला. त्यानंतर मुंबईंत अशा 'चकमकी' वर्षानुवर्षें घडत गेल्या व त्यांचें कौतुकही झालें. अखेर २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सोळा मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. अशा प्रत्येक मृत्यूचा तपास स्वतंत्र पथकानें करावा, आणि घटनेनंतर लगोलग त्या अधिकाऱ्यांस बढती वा शौर्यपदक देऊं नये, असें त्यांत आहे. टाळ्यांच्या गजरांत तपास होत नाहीं, हें न्यायमूर्तींनीं ओळखलें होतें.

न्यायालयांत वर्षें जातात, मग पोलिसानेंच निकाल लावला तर बिघडलें काय, असें विचारणारे सुशिक्षितही पुष्कळ भेटतात. विलंबाची तक्रार खोटी नाहीं. पण न्याय जवळ आणणें हेंच तिचें खरें उत्तर. अनेक वर्षांच्या मागणीनंतर १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरांत सहा जिल्ह्यांसाठीं मुंबई उच्च न्यायालयाचें सर्किट बेंच सुरू झालें, तें ह्याच दिशेचें पाऊल आहे. कोठडींत मार खाणाऱ्या मुलाच्या बापाला उच्च न्यायालयाकडे दाद मागण्यासाठीं आतां मुंबई गांठावी लागत नाहीं.

राहिलेलें काम घरांतील वडील मंडळींचें. मुलाबाळांसह चित्रपट पाहतांना पडद्यावरील फौजदार संशयिताच्या थोबाडींत देतो, आणि मुलें आनंदानें टाळ्या पिटतात. त्या वेळीं त्यांस एवढेंच विचारावें : 'अरे, चोरी त्यानें केलीच नसती तर?' आणि ज्या घरांत हा प्रश्न विचारावयाचा, तेथें सुनेवर, मुलांवर वा गड्यावर हात उगारला जात नाहीं, हें मात्र आधीं पाहावें. नाहीं तर मुलें प्रश्न विसरतील आणि तो हात ध्यानांत ठेवतील.