गोधडीचा आधार

घरात मोठ्यांचा आवाज चढला, की लहान मूल आपली जुनी, विटकी गोधडी ओढून घेते आणि नाकाशी धरून निजते. आपण म्हणतो, ‘काय हे खूळ!’ परंतु हे खूळ नव्हे.

डोनाल्ड विनिकॉट हे लंडनचे बालरोगतज्ज्ञ व मनोविश्लेषक. त्यांनी १९५१ साली वाचलेल्या निबंधात अशाच वस्तूंचा विचार केला आहे. आईची कूस आणि बाहेरचे जग यांच्यामध्ये मुलाने टाकलेला तो एक साकव होय. ती वस्तू मळली तरी धुण्याची घाई करू नये. ओळखीचा वास गेला, की अनुभवाचा धागा तुटतो.

अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातील हॅरी हार्लो यांनी १९५८ साली माकडांच्या पिलांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. एक ‘आई’ तारेची, दुसरी मऊ कापडाची. दूध तारेच्या आईपाशी असले, तरी पिलू पोटापुरतेच तिकडे जाई. एरवी कापडाला बिलगून राही. अनोळखी खोलीत ते प्रथम तिला मिठी मारी, आणि मग धीर येऊन आसपासच्या वस्तू चाचपू लागे. ती नसली, तर अंग चोरून बसे व किंचाळे. प्रयोग निर्दय होते खरे. पण स्पर्शाची भूक पोटाच्या भुकेहून वेगळी आहे, हे त्यांनी दाखवले.

मोठ्यांचे तरी काय वेगळे? भीतीने वा शोकाने छाती धडधडते, विचार एकाच जागी गरगरतो. अशा वेळी आईच्या लुगड्याचा मऊपणा, त्याचा वास मनाला हाताशी असलेल्या क्षणावर आणतो. वासाची वाट मेंदूतील भावनांच्या व स्मृतींच्या केंद्रांशी फार जवळून जोडलेली आहे. श्वास संथ होतो, आणि मग विचार करता येतो.

पण याला मर्यादाही आहे. केवळ कापडाच्या आईजवळ वाढलेली हार्लोंची पिले पुढे आपल्या जातभाईंत नीट मिसळू शकली नाहीत. वस्तू उसंत देते, माणूस देत नाही. म्हणून गोधडी कवटाळणाऱ्याला हसू नये, आणि त्याला गोधडीवर सोपवून निघूनही जाऊ नये. दुःख दिवसेंदिवस हटत नसेल, तर जवळच्या माणसाशी बोलावे, डॉक्टरांकडे जावे. आणि घरातील म्हाताऱ्या माणसाला इस्पितळात नेताना औषधांबरोबर त्याची नेहमीची शालही पिशवीत घालावी. ती अडगळ नव्हे.