जुन्या पद्मिनीची निगा

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याची पद्मिनी मोटार आता नवी मिळत नाही. मुंबईतील तिची शेवटची टॅक्सीही २०२३ साली रस्त्यावरून उतरली. तथापि हौसेने ती सांभाळणारे मालक अजून आहेत, त्यांत आम्हीही आलो. हौशी माणूस आरंभ करतो तो रंगापासून. आम्हीही तेच केले, आणि एका उतारावर ब्रेकचे पेडल तळाला गेले तेव्हा शहाणे झालो. ब्रेकचे तेल हवेतील पाणी शोषते. चाके तापली की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल पोकळ लागते. गाडी उभी असली तरी दोन वर्षांनी ते बदलावेच.

आजचा मोठा प्रश्न पेट्रोलचा. त्यात आता वीस टक्के इथेनॉल असते. त्याने जुने रबर फुगते, मऊ पडते. नळी गळाली तर पेट्रोल तापलेल्या इंजिनावर पडते, हे ध्यानात घ्या. टाकीतला गाळही सुटतो आणि कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये अडकतो. म्हणून नळ्या व पंपाचा डायफ्राम इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घालणे, चांगला फिल्टर बसवणे, ही आमच्या मते खरी सुधारणा. क्रोमचे बंपर मागाहून.

इग्निशनच्या पॉइंटची गॅप गेज घालून जुळवणारा मिस्त्री आता शोधावा लागतो. त्याच्या हाताखाली पोर टिकत नाही. सुट्या भागाला मागतील तेवढे पैसे मुकाट मोजणारे आम्ही हौशी मालक त्याच्या मजुरीवर मात्र घासाघीस करतो. मग पोराने टिकावे तरी कशाला?