शरद ऋतूतील अंगणशाळा

पुणे-सातारा महामार्गावरून भोरकडे जेथे रस्ता फुटतो, तेथे कापूरहोळ हे गाव वसले आहे. छत्रपती संभाजी महाराजांच्या दूधआई धाराऊ याच गावच्या. महामार्गामुळे गावाची वर्दळ वाढली असली, तरी रस्ता सोडून थोडे आत गेले की भातखाचरे, ओढे व डोंगरउतार दिसू लागतात. पावसाळा सरून आश्विन लागला म्हणजे हा परिसर तीन ते सहा वर्षे वयाच्या बालकांची उत्तम शाळा होऊ शकतो. या शाळेला इमारत लागत नाही की महागडे साहित्य लागत नाही. लागते ती जाणत्या माणसाची सोबत.

कोसबाडचा धडा

ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. पद्मभूषण ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले व १९५७ पासून कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्या साहाय्याने ते वाढविले. मुले बालवाडीत येत नाहीत, असे दिसताच बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ‘कुरणशाळा’ निघाली. पाने, बिया, शंख, खडे हीच तेथील शैक्षणिक साधने होती. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोचला.

पाहावे, मोजावे, सांगावे

भोर आणि आता राजगड या नावाने ओळखला जाणारा वेल्हे, या दोन्ही तालुक्यांत भात हे खरिपाचे प्रमुख पीक आहे. आश्विनाच्या आरंभी उशिराचे भात फुलोऱ्यात असते. भाताचे प्रत्येक फूल एकदाच, तेही तास-दोन तासच उघडते. सकाळी दहानंतर बांधावरून मुलांना ते दाखवावे. कार्तिकात त्याच खाचरातील एका लोंबीचे दाणे मोजण्यास द्यावेत. फुलापासून दाण्यापर्यंतचा प्रवास मुलांना मग वेगळा शिकवावा लागत नाही.

तेरड्याचे पिकलेले बोंड स्पर्श होताच फुटते व बिया दूर उडतात. माळावरील गवताचे कुसळ पाण्याच्या थेंबाने भिजविले की त्याचा पीळ सुटू लागतो, वाळले की पुन्हा बसतो. याच हालचालीने बी जमिनीत शिरते. वनस्पती आपले बीज कसे पसरवितात, याचे याहून सोपे प्रात्यक्षिक नाही.

दसऱ्यापूर्वी आपटा व कांचन यांचे एकेक पान शेजारी ठेवावे. दोन्ही पाने जोडपानासारखी दिसतात. पण आपट्याचे पान लहान व लांबीपेक्षा रुंद असते. फांद्या न ओरबाडता एकच पान घेण्याची सवयही याच वयात लागते.

थोड्या मोठ्या मुलांसाठी सावलीचा खेळ आहे. अंगणातील खांबाच्या भरदुपारच्या सावलीच्या टोकाशी आठवड्यातून एकदा खडा ठेवावा. २३ सप्टेंबरच्या सुमारास दिवस-रात्र समान होतात. त्यानंतर ही सावली डिसेंबरच्या उत्तरार्धापर्यंत वाढतच जाते. खड्यांची रांग पाहून सूर्य दक्षिणेकडे सरकतो आहे, हे मुलांच्या ध्यानी येते.

दक्षता

कापणीच्या दिवसांत साप खाचराच्या आसपास वावरतात. म्हणून उंच गवतात मुलांना नेऊ नये. पायांत पादत्राणे असावीत. केसाळ सुरवंटास हात लावू देऊ नये. रुईचा चीक डोळ्यांस अपायकारक असतो. गुंज, एरंड व धोतरा यांच्या बिया विषारी असल्याने खेळावयास देऊ नयेत. महामार्ग व ओढा यांच्या बाजूला मोठ्या माणसाने चालावे. सर्पदंश झाल्यास वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

पालकांचा सहभाग

हाती पाटी नसेल, तर मूल काही शिकत नाही, असा समज अद्याप आढळतो. गावातील मुलेही आता लहान वयातच बंद खोलीत अक्षरे गिरवू लागली आहेत, आणि आजीला ठाऊक असलेली झाडांची नावे नातवाला अपरिचित होत आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही या वयासाठी खेळ व कृती यांवरच भर दिलेला आहे. आठवड्यातून एक सकाळ अंगणवाडी सेविकेसोबत एखादी आजी वा शेतकरी बांधावर आला, तर त्या नावांचा वारसा पुढील पिढीच्या हाती पडेल. शरदाचे हे दिवस थोडे असतात; भात कापून झाले की खाचर रिकामे होते. त्याआधी मुलांना तेथे नेणे, हे घरातील प्रत्येकाला जमण्याजोगे आहे.