कच्चें चॉकोलेट : गुण आणि गवगवा

चॉकोलेट म्हटलें म्हणजे चकचकीत कागदांत गुंडाळलेली, दुधासाखरेनें गोड झालेली वडीच बहुतेकांच्या डोळ्यांपुढें येते. मुलांचा लाड पुरविण्याची एक वस्तु, यापलीकडे तिला महत्त्व देण्याचें कारण घरांतील वडील मंडळींस वाटत नाहीं. परंतु शिक्षणासाठीं वा नोकरीसाठीं लंडन, ॲम्स्टरडॅम किंवा बर्लिन येथें जाऊन राहिलेल्या मुलामुलींकडून कधीं कधीं निराळ्याच प्रकारचें पुडकें घरीं येतें. त्यांतील वस्तु काळसर, कडवट व तुरट असते. वर 'कच्चें चॉकोलेट' असे शब्द छापलेले असतात, आणि 'हें हृदयाला चांगलें, रक्तदाब उतरवितें, बाबांना रोज द्यावें' अशी शिफारस सोबत येते. शिफारशीमागें माया असते यांत संशय नाहीं. परंतु औषधाच्या जागीं एखादी वस्तु घरांत आणावयाची, तर ती काय आहे, कशी तयार होते आणि तिच्याविषयीं शास्त्राला खरोखर काय ठाऊक आहे, हें आधीं तपासून पाहणें इष्ट होय.

कोकोचा वृक्ष मूळचा दक्षिण अमेरिकेंतील ॲमेझॉन नदीच्या वरच्या खोऱ्यांतला. एक्वादोर देशांत सापडलेल्या प्राचीन भांड्यांवरील अवशेषांवरून, सुमारें ५,३०० वर्षांपूर्वीं मनुष्य कोकोचा उपयोग करीत होता, असें २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दाखविण्यांत आलें. मेक्सिकोंतील अझ्टेक लोक त्याच्या बियांचें पेय करीत, आणि त्याच बिया नाण्यांप्रमाणें चलनांतही वापरीत. स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यानें १७५३ सालच्या आपल्या ग्रंथांत या वृक्षाची नोंद 'थिओब्रोमा' या नांवानें केली. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ 'देवांचें अन्न' असा होतो. आज भारतांतही केरळ, कर्नाटक, तामिळनाडू व आंध्र प्रदेश या राज्यांत नारळी-पोफळीच्या सावलींत कोकोची लागवड होते.

फणसाप्रमाणें कोकोचीं फळें थेट खोडाला व जाड फांद्यांना लागतात. फळ फोडलें म्हणजे आंत तीस-चाळीस बिया असतात आणि सीताफळाप्रमाणें प्रत्येक बीभोंवतीं पांढरा, आंबटगोड गर असतो. या बिया गरासह ढीग घालून पांच ते सात दिवस आंबवितात, मग उन्हांत वाळवितात. पुढें कारखान्यांत त्या सामान्यतः १२० ते १५० अंश उष्णतेवर भाजतात, पाखडून टरफलें काढतात, आणि उरलेल्या डाळीसारख्या कण्या वाटतात. या कण्यांत निम्म्याहून थोडा अधिक भाग स्निग्धांशाचा असल्यामुळें वाटतां वाटतां त्यांचा दाट रस होतो. तोच सर्व चॉकोलेटचा पाया. हॉलंडमध्यें १८२८ सालीं व्हान हौटेन यांच्या कारखान्यांत या रसांतून लोणी दाबून काढण्याची युक्ति निघाली व कोकोची पूड सुलभ झाली. खाण्याच्या चॉकोलेटची वडी ब्रिस्टल येथें १८४७ सालीं प्रथम तयार झाली. दूध घातलेलें चॉकोलेट त्यानंतर सुमारें तीस वर्षांनीं स्वित्झर्लंडांत निघालें.

'कच्चें' चॉकोलेट याचा अर्थ बिया न भाजतां केलेलें चॉकोलेट. तें करणारे लोक सामान्यतः ४२ ते ४८ अंशांपलीकडे उष्णता जाऊं देत नाहींत. परंतु येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावयास हवी. बियांचा ढीग आंबत असतां आपोआपच तापतो, आणि ढिगाच्या आंतील उष्णता ४५ ते ५० अंशांपर्यंत सहज चढते. म्हणजे आंबविलेली बी ही काटेकोर अर्थानें कच्ची राहतच नाहीं. शिवाय 'कच्चें' या शब्दाला कायद्यानें ठरविलेली सर्वमान्य व्याख्या नाहीं. ज्या मेक्सिकोनें जगाला चॉकोलेट दिलें, तेथील ओआहाका शहराच्या बाजारांत आजही कोकोच्या बिया सुट्या विकत मिळतात. पण तेथील गृहिणी त्या तव्यावर भाजून, सोलून, मग पाट्यासारख्या दगडावर वाटतात, अथवा साखर, दालचिनी व बदाम यांसह गिरणींतून दळून आणतात. तेव्हां न भाजणें ही प्राचीनांची रीत, हा समज बरोबर नाहीं.

मग न भाजण्यांत लाभ कोणता? कोकोच्या ताज्या बींत फ्लॅव्हनॉल नांवाचीं द्रव्यें विपुल असतात, व चहाप्रमाणें कोकोलाही जो तुरटपणा असतो तो बराचसा त्यांच्यामुळेंच. हीं द्रव्यें रक्तवाहिन्यांच्या आंतील अस्तराला नायट्रिक ऑक्साइड निर्माण करण्यास साह्य करतात. त्यामुळें वाहिन्या सैल होतात व रक्ताला वाट मोकळी मिळते. आंबविण्यानें यांतील पुष्कळ भाग नाहींसा होतो, भाजण्यानें आणखी कांहीं घटतो. परंतु सर्वांत मोठा घात होतो तो पोटॅशियम कार्बोनेटासारख्या क्षाराचा संस्कार करण्यानें. पूड गडद दिसावी, चव मृदु व्हावी व ती पाण्यांत चांगली मिसळावी म्हणून हा संस्कार करतात, आणि तो फार झाला तर फ्लॅव्हनॉलांचा अगदीं थोडा अंश उरतो. याचा अर्थ असा कीं, साधारण भाजलेली पण क्षाराचा संस्कार न केलेली पूड ही देखील चांगलीच गुणकारी असूं शकते.

आतां गुणांचा पुरावा पाहूं. पनामा देशाच्या सॅन ब्लास बेटांवरील कुना जातीच्या लोकांत वय वाढलें तरी रक्तदाब फारसा वाढत नाहीं, आणि तेच लोक शहरांत येऊन राहिले कीं तो वाढतो, असें हार्वर्ड विद्यापीठाचे नॉर्मन हॉलेनबर्ग यांनीं १९९० नंतरच्या दशकांत दाखविलें. बेटावरील लोकांच्या आहारांत कोको होता. पण शहरांत येतांच मनुष्याचें चालणें, खाणें, झोंप व चिंता हीं सारींच बदलतात, म्हणून सर्व श्रेय कोकोला देतां येत नाहीं. पुढें निरनिराळ्या प्रयोगांचा एकत्र विचार करून २०१७ सालीं कोक्रेन संस्थेनें जो निष्कर्ष काढला, त्याप्रमाणें फ्लॅव्हनॉलयुक्त कोकोनें रक्तदाब सरासरीनें पाऱ्याच्या सुमारें २ मिलिमीटरांनीं उतरतो. परिणाम खरा, पण लहान. अमेरिकेंत २१,४४२ प्रौढ स्त्रीपुरुषांवर झालेल्या व २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगांत रोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल देण्यांत आलें. हृद्रोगाचे एकूण प्रसंग निश्चितपणें कमी झाले असें म्हणण्याइतका फरक त्यांत आढळला नाहीं, मात्र हृद्रोगानें होणारे मृत्यु २७ टक्क्यांनीं कमी दिसले. आशा धरण्याजोगी ही गोष्ट आहे. तथापि या लोकांना दिलेला कोकोचा अर्क होता, चॉकोलेट नव्हतें, हें विसरतां कामा नये.

गुणांबरोबर दोषही सांगितले पाहिजेत. बिया उघड्यावर आंबवितात व वाळवितात, त्यामुळें त्यांवर सॅल्मोनेलासारखे जंतु असूं शकतात, आणि भाजण्यानें मरणारे हे जंतु न भाजलेल्या मालांत टिकण्याचा संभव असतो. म्हणून गर्भवती स्त्रिया, लहान मुलें, वृद्ध व आजारी माणसें यांनीं कच्च्या मालापासून दूर राहणेंच बरें. दुसरा दोष कॅडमियम या धातूचा. दक्षिण अमेरिकेच्या कांहीं भागांतील जमिनींतून तो झाडांत चढतो. युरोपीय संघानें २०१९ पासून, ज्यांत निम्मा किंवा अधिक कोको आहे अशा चॉकोलेटच्या एका किलोग्रॅमांत ०.८ मिलिग्रॅमांहून अधिक कॅडमियम असूं नये, असा निर्बंध घातला आहे. कोकोंत ऑक्झॅलेट बरेंच असल्यामुळें मुतखड्याची खोड असणारांनींही जपावें. घरांत कुत्रा असेल तर ही वस्तु त्याच्या वाऱ्यालाही उभी राहूं देऊं नये, कारण कोकोंतील थिओब्रोमीन त्याला विषवत् आहे.

परदेशीं राहणारास हा माल शोधण्यास फार हिंडावें लागत नाहीं. मोठ्या शहरांतील आरोग्यपदार्थांच्या दुकानांत कोकोच्या कण्या, पूड व वड्या मिळतात. खरा प्रश्न निवडीचा आहे. वेष्टनावरील 'कच्चें' या शब्दापेक्षां घटकांची यादी वाचावी. पुडींत कोकोखेरीज दुसरें कांहीं नसावें, व पोटॅशियम कार्बोनेटाचें नांव दिसल्यास तें पुडकें खालीं ठेवावें. वडींत साखर पहिल्या क्रमांकावर असेल तर ती मिठाई समजावी. '७० टक्के' या आंकड्यांत कोकोच्या लोण्याचीही गणना असते, तेव्हां आंकडा मोठा म्हणून फ्लॅव्हनॉल अधिक, असें होत नाहीं. पांढऱ्या चॉकोलेटांत तर केवळ लोणीच असतें. यादींत इतर वनस्पतींचे स्निग्ध पदार्थ आहेत काय, हेंही पाहावें. युरोपांत अशा सहा पदार्थांना पांच टक्क्यांपर्यंत मुभा आहे, आणि कौतुकाची गोष्ट अशी कीं, त्यांतील एक आपल्या कोंकणांतील कोकमाच्या बियांचें तेल आहे. थंडींत उललेल्या टांचांना ज्याचा लेप आजीबाई लावतात, तेंच तेल चॉकोलेटच्या लोण्याची जागा घेऊं शकतें.

प्रमाणाविषयीं युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचें २०१२ सालचें मत उपयोगी आहे. रक्तवाहिन्यांची लवचिकता टिकविण्यास रोज २०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल साह्यभूत होतें, व तें फ्लॅव्हनॉलांनीं समृद्ध अशा अडीच ग्रॅम पुडींतून किंवा दहा ग्रॅम काळ्या चॉकोलेटांतून मिळूं शकतें, असें तें मत. अडीच ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. शंभर ग्रॅम काळ्या चॉकोलेटांत सुमारें ६०० कॅलरी असतात, म्हणून गुणाच्या लोभानें सबंध वडी खाल्ल्यास वजन वाढून मूळ हेतूच फसतो. बिनसाखरेची पूड कोमट दुधांत वा पाण्यांत घेणें हा सर्वांत स्वस्त व सोपा मार्ग होय.

शेवटीं, मुलानें मायेनें पाठविलेलें पुडकें आनंदानें उघडावें, त्यांतील तुकडा सर्वांनीं वांटून घ्यावा. परंतु त्याच्या भरंवशावर वडिलांची रक्तदाबाची गोळी बंद करूं नये. गोळीनें जितका दाब उतरतो, तितका कोकोनें उतरत नाहीं, आणि बंद केलेल्या औषधाची किंमत एखाद्या दिवशीं अर्धांगाच्या झटक्यानें द्यावी लागते. देवांचें अन्न म्हणून गाजलेली ही वस्तु मनुष्याच्या ताटांत चमचाभरच शोभते. तेवढ्या मर्यादेंत ती रुचकरही आहे आणि हितकरही.